महाराष्ट्र ओपन: जागतिक टेनिसचा हंगाम पुण्यात सुरू व्हायचा, मग ती स्पर्धा गेली कुठे?

५ जानेवारी २०१९. पुण्यातलं बालेवाडीचं टेनिस स्टेडियम. कोर्टाच्या एका बाजूला सहा फूट आठ इंचांचा केव्हिन अँडरसन, दुसऱ्या बाजूला सहा फूट अकरा इंचांचा इव्हो कार्लोविच. दोघांचीही सर्व्हिस अशी, की समोरच्यानं रॅकेट हलवायच्या आत चेंडू मागच्या जाहिरातीच्या फलकावर आदळलेला असायचा. तीन सेट झाले आणि तिन्ही टायब्रेकरवर गेले. ७-६, ६-७, ७-६. शेवटचा टायब्रेकर अँडरसननं ७-५ असा घेतला आणि महाराष्ट्र ओपनचा करंडक उचलला.

अँडरसन तेव्हा जगात सहाव्या क्रमांकावर होता आणि सहाच महिन्यांपूर्वी विम्बल्डनची फायनल खेळून आला होता. कार्लोविचचं वय होतं ३९. इतक्या वयाचा खेळाडू एटीपीच्या अंतिम फेरीत त्याआधी पोचला होता तो १९७७ मध्ये, केन रोझवॉल. म्हणजे टेनिसच्या नोंदवहीत चार दशकांनी एक ओळ भरली गेली, आणि ती पुण्यात भरली गेली.

आज ही स्पर्धा नाही. २०२३ च्या जानेवारीत ती शेवटची झाली. त्यानंतर भारतात पुरुषांच्या एटीपी टूरची एकही मुख्य स्पर्धा झालेली नाही. ही स्पर्धा नेमकी काय होती, पुण्यात कशी आली, का गेली आणि त्यानं कुणाचं काय बिघडलं, हे समजून घ्यायचं तर आधी टेनिसचा हंगाम चालतो कसा ते पाहावं लागेल.

एटीपीचा हंगाम म्हणजे काय?

क्रिकेटमध्ये देश देशाशी खेळतो, आयपीएलमध्ये संघ संघाशी. टेनिसमध्ये खेळाडू एकटा. तो वर्षभर गावोगाव फिरतो, स्पर्धा खेळतो, गुण कमावतो आणि त्या गुणांवर त्याचा जागतिक क्रमांक ठरतो. पुरुषांच्या या फिरतीची व्यवस्था बघणारी संघटना म्हणजे एटीपी. ती १९७२ मध्ये खेळाडूंनी स्थापन केली आणि सध्याच्या स्वरूपातली टूर १९९० पासून सुरू आहे.

हंगाम ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात सुरू होतो. जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन. फेब्रुवारीत युरोपातली बंदिस्त कोर्टं, दक्षिण अमेरिकेतली लाल माती आणि आखातातल्या स्पर्धा. मार्चमध्ये अमेरिकेत इंडियन वेल्स आणि मायामी. एप्रिल ते जून युरोपातली लाल माती आणि तिच्या शेवटी फ्रेंच ओपन. मग थोडे दिवस हिरवळ आणि विम्बल्डन. पुन्हा अमेरिका, यूएस ओपन. त्यानंतर चीन-जपान, परत युरोप आणि नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या तुरीन शहरात वर्षातल्या सर्वोत्तम आठ जणांची अखेरची स्पर्धा. अकरा महिने, पाच खंड. विश्रांती म्हणाल तर डिसेंबरात काही आठवडे, त्यातही सराव सुटत नाही.

स्पर्धांची उतरंड नावातच कळते. ग्रँड स्लॅम जिंकलं की २००० गुण. मास्टर्स १००० जिंकलं की १०००. मग ५००, मग २५०. महाराष्ट्र ओपन या २५० च्या पायरीवर होती. टूरची ही सगळ्यात खालची पायरी, पण टूरच्या आतली. हे 'आत' आणि 'बाहेर' पुढे महत्त्वाचं ठरतं.

गुणांबद्दल आणखी एक गोष्ट. ते कायमचे नसतात. ५२ आठवडे झाले की गळून पडतात. गेल्या जानेवारीत जिंकलेले २५० गुण या जानेवारीत पुन्हा कमवायचे, नाहीतर क्रमांक घसरला. त्यामुळे टेनिसपटूला जुन्या पुण्याईवर बसता येत नाही.

दिल्ली, चेन्नई आणि मध्येच मुंबई

पुण्याची ही स्पर्धा मुळात पुण्याची नव्हती. तिचा जन्म १९९६ मध्ये दिल्लीत झाला. दुसऱ्याच वर्षी ती चेन्नईला गेली आणि तिथे वीस वर्षं राहिली. 'चेन्नई ओपन' हे नाव टेनिसप्रेमींच्या तोंडात बसलं ते याच काळात. राफेल नदाल तिथे खेळला आणि २००८ च्या फायनलला मिखाइल युझ्नीकडून ६-०, ६-१ असा हरलाही. स्टॅन वावरिंकानं तर ती चारदा जिंकली.

भारतीयांच्या दृष्टीनं त्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा आठवडा २००९ चा. सोमदेव देववर्मनला वाइल्ड कार्ड मिळालं होतं, म्हणजे क्रमवारीच्या जोरावर नाही तर आयोजकांच्या आमंत्रणावर तो आत आला होता. तो थेट फायनलला पोचला. तिथे क्रोएशियाच्या मरिन चिलिचकडून हरला, पण त्या एका आठवड्यानं त्याची कारकीर्द वेगळ्या रुळावर गेली.

महाराष्ट्रात एटीपीची स्पर्धा पुण्याच्या आधी मुंबईतही होऊन गेली आहे, हे फार जणांच्या लक्षात नसतं. २००६ आणि २००७ मध्ये चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात किंगफिशर ओपन झाली. पहिल्या वर्षी दिमित्री तुर्सुनोव्हनं टोमास बर्डिचला हरवलं, दुसऱ्या वर्षी रिशार गास्केनं ऑलिव्हिये रोखसला. २००६ ची दुहेरी महेश भूपतीनं मारिओ आन्चिचच्या साथीनं जिंकली. नंतर ती गेली ती गेलीच. त्याहून मागे जायचं तर १९७४ मध्येही मुंबईत त्या काळच्या ग्राँप्री सर्किटची स्पर्धा झाली होती आणि न्यूझीलंडच्या ओनी पारूननं ती जिंकली होती.

स्पर्धा शहर बदलते म्हणजे काय होतं?

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं. एटीपीची स्पर्धा ही एखाद्या शहराची किंवा राज्याची मालमत्ता नसते. वर्षाच्या ठरावीक आठवड्यात ठरावीक दर्जाची स्पर्धा भरवण्याचा परवाना असतो, आणि त्या परवान्याला मालक असतो. बहुतेक वेळा ती एखादी क्रीडा व्यवस्थापन कंपनी असते. मालक तो परवाना घेऊन या शहरातून त्या शहरात जाऊ शकतो. गावातला आठवडे बाजार हलवता येत नाही, पण त्या बाजारात दुकान लावणारा व्यापारी दुसऱ्या गावी जाऊ शकतो, तसंच हे.

चेन्नई ओपनचा परवाना आयएमजी या कंपनीकडे होता. २०१७ ची स्पर्धा चेन्नईत झाली, रोबेर्तो बाउतिस्ता आगुतनं दानिल मेदवेदेवला हरवून ती जिंकली आणि त्याच वर्षी जाहीर झालं की पुढच्या वर्षीपासून स्पर्धा पुण्यात. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना यजमान, राज्य सरकारचा पाठिंबा, टाटांचं प्रायोजकत्व आणि पाच वर्षांचा करार. चेन्नईकरांना ते लागलं. वीस वर्षांची सवय एका बातमीत मोडली.

जागा ठरली बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. टेनिसचं स्टेडियम तयार होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथे भारत-न्यूझीलंड डेव्हिस कप लढतही झाली होती.

पुण्यातले पाच हंगाम

पहिली महाराष्ट्र ओपन १ ते ६ जानेवारी २०१८ ला झाली. २०१८ च्या हंगामाचा हा अगदी पहिला आठवडा. त्याच आठवड्यात ब्रिस्बेन आणि दोह्यालाही स्पर्धा होत्या, म्हणजे जगातले खेळाडू तीन शहरांत वाटले गेलेले. तरीही पुण्यात अव्वल मानांकन मरिन चिलिचला होतं, जो जगातल्या पहिल्या दहांत होता. दुसरं केव्हिन अँडरसनला, जो चार महिन्यांपूर्वी यूएस ओपनची फायनल खेळला होता.

जिंकला मात्र तिसराच. फ्रान्सचा जील सिमोन, वय ३३, क्रमवारीत घसरून ८९ वर आलेला. एकेकाळी तो सहाव्या क्रमांकावर होता. त्यानं आधी चेन्नईचा गतविजेता बाउतिस्ता आगुतला घालवलं, उपांत्य फेरीत चिलिचला आणि फायनलमध्ये अँडरसनला ७-६, ६-२ असं. दुहेरीच्या फायनलमध्येही तो होताच. तिथे मात्र रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकूप या डच जोडीनं त्याला आणि पिएर-ह्यूग एर्बेरला दोन टायब्रेकरमध्ये हरवलं.

आता त्या हंगामात पुढे काय झालं ते पाहा. पुण्यात हरलेला चिलिच तीनच आठवड्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलमध्ये रॉजर फेडररशी पाच सेट लढला. पुण्यात हरलेला अँडरसन जुलैमध्ये विम्बल्डनच्या फायनलला गेला. वाटेत त्यानं फेडररला हरवलं आणि उपांत्य फेरीत जॉन इस्नरशी साडेसहा तासांहून जास्त खेळून पाचवा सेट २६-२४ असा जिंकला. जानेवारीत पुणेकरांनी जे बघितलं ते दुय्यम दर्जाचं टेनिस नव्हतं, हे सांगायला एवढं पुरेसं आहे.

२०१९ चा हंगाम पुण्यात चक्क २०१८ मध्येच सुरू झाला, कारण स्पर्धेची पहिली तारीख होती ३१ डिसेंबर. अँडरसन-कार्लोविच फायनल ही त्याच स्पर्धेतली. अँडरसनला नंतर दुखापतींनी ग्रासलं. २०१९ मध्ये पुण्याचं हे एकच विजेतेपद त्याच्या नावावर राहिलं. पण भारतीयांसाठी त्या आठवड्याचा खरा दिवस दुहेरीच्या फायनलचा होता. रोहन बोपण्णा आणि दिविज शरणनं ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा या ब्रिटिश जोडीला ६-३, ६-४ असं हरवलं. घरच्या प्रेक्षकांपुढे एटीपी करंडक उचलणं म्हणजे काय, हे पुण्याला तेव्हा कळलं.

२०२० मध्ये तारीख बदलली. ऑस्ट्रेलियात एटीपी कप नावाची देशादेशांची नवी सांघिक स्पर्धा सुरू झाली आणि तिनं जानेवारीचे पहिले दहा दिवस व्यापले. पुणे फेब्रुवारीत सरकलं, ऑस्ट्रेलियन ओपनच्या नंतर. वरवर हा छोटा बदल, पण त्यानं स्पर्धेचं गणित बिघडलं. जानेवारीत पुण्याला यायला कारण होतं: मेलबर्नच्या आधी हार्ड कोर्टवर सराव. फेब्रुवारीत मेलबर्नहून परतणाऱ्या खेळाडूसमोर युरोपात मॉन्तपेलिए आणि अर्जेंटिनात कोर्दोबा असे पर्याय होते. युरोपीय खेळाडू घराजवळच्या स्पर्धेला जाणार, लॅटिन अमेरिकी लाल मातीवर जाणार. पुण्याला कोण येणार?

तरी तो आठवडा रंगला. चेक प्रजासत्ताकाचा येरी वेसेली वाटेत मॅच पॉइंट वाचवत फायनलला आला आणि बेलारूसच्या एगोर गेरासिमोव्हला ७-६, ५-७, ६-३ असं हरवून जिंकला. (हा वेसेली म्हणजे नोव्हाक जोकोविचशी दोनदा खेळून दोन्ही वेळा जिंकलेला माणूस. टेनिसमध्ये असं म्हणू शकणारे फार थोडे.) याच स्पर्धेत लिअँडर पेस ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेनबरोबर दुहेरी खेळला. २०२० हे आपलं निरोपाचं वर्ष असेल असं पेसनं आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे गर्दी त्याला बघायला आली. तो उपांत्यपूर्व फेरीत हरला. महिन्याभरात, १२ मार्च २०२० ला, करोनामुळे सगळी टूरच थांबली. पेसचं निरोपाचं वर्ष तिथेच संपलं. त्याचा त्या वेळचा साथीदार एब्डेन चार वर्षांनी बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला आणि बोपण्णा ४३ व्या वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर पोचला.

२०२१ मध्ये स्पर्धा झालीच नाही.

२०२२ मध्ये पोर्तुगालचा जोआओ सोसा जिंकला. फिनलंडच्या एमिल रुसुवुओरीविरुद्धच्या फायनलचा पहिला टायब्रेकर ११-९ पर्यंत गेला. दुहेरी पुन्हा भारतात राहिली. बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन या जोडीनं पहिला सेट १०-१२ अशा टायब्रेकरवर गमावूनही ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथला हरवलं.

शेवटची स्पर्धा जानेवारी २०२३ ची. नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरनं फ्रान्सच्या बेंजामिन बोन्झीला ४-६, ७-५, ६-३ असं हरवून कारकिर्दीतलं पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं. दोन्ही फायनलिस्ट चॅलेंजर सर्किटमधून घासून वर आलेले. चॅलेंजर म्हणजे एटीपी टूरच्या एक पायरी खालचं जग. ग्रीकस्पूरनं २०२१ या एकाच वर्षात तिथल्या आठ स्पर्धा जिंकून विक्रम केला होता. दुहेरीच्या फायनलमध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन ही तमिळ जोडी बेल्जियमच्या सँडर गिले आणि योरान व्लिगेनकडून हरली.

आणि याच स्पर्धेत पुण्याचा मानस धामणे एकेरीच्या मुख्य फेरीत खेळला. नुकतीच पंधरा वर्षं पूर्ण झालेली. वाइल्ड कार्ड मिळालेलं. समोर अमेरिकेचा मायकेल मो. मानस ६-२, ६-४ असा हरला. आकडे बघून एकतर्फी वाटेल, पण पंधराव्या वर्षी टूरच्या मुख्य फेरीत मोठ्या माणसाकडून दुसऱ्या सेटमध्ये चार गेम घेणं हे ज्यांनी खेळून बघितलंय त्यांना विचारा.

घरच्या स्पर्धेनं नेमकं काय मिळतं?

सरळ बोलायचं तर एकेरीत भारतीयांनी पुण्यात काही फार मोठं केलं नाही. पाच स्पर्धांत एकही भारतीय एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला नाही. मग अशी स्पर्धा असली काय नि नसली काय, असं विचारणारे असतात. त्यांच्यासाठी थोडा हिशोब.

पुण्याच्या एकेरीत २८ जागा असायच्या. त्यातल्या तीन वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी ठरवायच्या. त्या साहजिकच भारतीयांना जायच्या. २०२३ मध्ये सुमित नागल, मुकुंद शशिकुमार आणि मानस धामणे यांना मिळाल्या. पात्रता फेरीतही काही जागा आमंत्रणाच्या. दुहेरीत आणखी. म्हणजे दरवर्षी काही भारतीय मुलांना त्या दारातून आत जाता यायचं, जे एरवी क्रमवारीनं बंद असतं.

आत गेल्यावर एक सामना जिंकला तर किती गुण? तेव्हा २०, आता २५. याच्याशी तुलना करा सगळ्यात खालच्या व्यावसायिक पायरीची. तिला एम१५ म्हणतात. तिथे एकेरीचे पाच सामने जिंकून, अख्खी स्पर्धा जिंकून आज मिळतात १५ गुण. म्हणजे एटीपी २५० मधला एक विजय हा एम१५ च्या संपूर्ण विजेतेपदापेक्षा मोठा. पैशांतला फरक तर याहून मोठा.

आता खर्च. टेनिसपटूला पगार नसतो. विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ, रॅकेटच्या तारा, सगळं खिशातून. युरोपातला विशीतला खेळाडू आगगाडीनं तीन देशांत स्पर्धा खेळून घरी येतो. भारतातल्या खेळाडूला प्रत्येक पल्ला विमानाचा आणि व्हिसाचा. २०२३ मध्ये सुमित नागल, जो तेव्हा देशातला एकेरीचा अव्वल खेळाडू होता, त्यानं उघडपणे सांगितलं होतं की वर्षाचा खर्च भागवून बँक खात्यात ९०० युरो उरलेत. म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडे! काही महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्या फेरीत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं, नंतर चेन्नईची चॅलेंजर जिंकली आणि जगातल्या पहिल्या शंभरांत आला. त्या वर्षी तो ६८ व्या क्रमांकापर्यंत गेला. पण ९०० युरोचा तो आकडा विसरण्यासारखा नाही, कारण त्याच्या मागे क्रमवारीत असणाऱ्यांचं काय होत असेल ते त्यावरून कळतं.

घरची स्पर्धा म्हणजे या खर्चातला एक आठवडा वाचतो आणि वर कमाईची संधी मिळते.

पुण्याच्याच अर्जुन कढेचं उदाहरण घ्या. २०१८ च्या पहिल्या महाराष्ट्र ओपनमध्ये तो मुख्य फेरीत खेळला आणि पहिल्याच सामन्यात समोर आला युकी भांब्री. कढे हरला, युकी पुढे गेला. पुढे कढेनं दुहेरीवर भर दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटी इथे ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं. निर्णायक टायब्रेकर १४-१२ असा जिंकून. पुण्यातल्या पराभवामुळेच हे घडलं असं कुणी म्हणणार नाही. पण त्या पातळीचा चेंडू किती जोरात येतो, हे त्याला घरापासून काही मैलांवर कळलं.

नंदुरबारहून बालेवाडी किती लांब?

पुण्यातल्या मुलाला बालेवाडीला रिक्षानं जाता येतं. नंदुरबारच्या मुलाचं काय? १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. इथून सुरत जवळ, पुणे चारशे किलोमीटरच्या पुढे. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून निघायचं असेल तर आधी सातपुड्यातून खाली उतरायचं.

कागदावर मात्र रस्ता सगळ्यांना सारखाच आहे. आधी बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. त्यातून अखिल भारतीय टेनिस संघटनेची क्रमवारी. मग आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा. मग एम१५, एम२५. मग चॅलेंजर, ज्यांत ५० पासून १७५ गुणांपर्यंतच्या पायऱ्या आहेत. मग एटीपी. साधारण पहिल्या शंभरांत आलात की ग्रँड स्लॅममध्ये थेट प्रवेश, कारण एकेरीच्या १२८ जागांपैकी १०४ क्रमवारीवर भरतात.

या रस्त्यावरची प्रत्येक पायरी म्हणजे दुसऱ्या शहरातला मुक्काम, आणि मूल लहान असेल तर बरोबर एक पालक. पालकाची रजा, दोघांचं भाडं, राहणं-खाणं. टेनिस महागडा खेळ आहे असं म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे रॅकेट येते. रॅकेट एकदा घेतली की दोन-तीन वर्षं चालते. पैसा जातो तो प्रवासात. म्हणूनच स्पर्धा कुठे भरते हा प्रश्न टेनिसमध्ये प्रतिष्ठेचा कमी आणि पोटाचा जास्त असतो. एटीपीची स्पर्धा महाराष्ट्रात असल्यानं नंदुरबारच्या मुलाला फार तर ती बघायला जाता आलं असतं. तेवढंही आता राहिलं नाही.

मग ती गेली कुठे?

हाँगकाँगला. २०२३ ची स्पर्धा ही पाचवी होती आणि करार पाच वर्षांचाच होता. २०२४ च्या कॅलेंडरमध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या जागी हाँगकाँग होतं. त्या शहरात २००२ नंतर एटीपीची स्पर्धा झाली नव्हती, ती दोन दशकांनी परतली. पहिल्या वर्षी आंद्रे रुब्लेव्ह तिथे जिंकला.

पण हे फक्त पुण्याचं दुखणं नाही. एटीपीला वरच्या पायऱ्या मोठ्या आणि खालच्या कमी करायच्या आहेत. मास्टर्स स्पर्धा एक आठवड्याच्या होत्या, त्यांतल्या बहुतेक आता जवळपास दोन आठवड्यांच्या झाल्या. सौदी अरेबियात दहावी मास्टर्स येणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. वर्षाचे आठवडे बावन्नच, त्यामुळे वर कुणी पसरलं की खाली कुणाला तरी उठावं लागतं. अमेरिकेतलं न्यूपोर्ट, जिथे १९९८ मध्ये पेसनं एकेरीचं एटीपी विजेतेपद मिळवलं होतं, ते २०२५ मध्ये चॅलेंजर झालं. पोर्तुगालचं एस्तोरिलही त्या वर्षी चॅलेंजर झालं. अटलांटा आणि कोर्दोबा बंद पडल्या. एटीपी २५० हा वर्गच आकसतोय. अशा वेळी गेलेला परवाना परत मिळवणं हे नव्यानं मिळवण्यापेक्षाही अवघड.

भारतीय एकेरीत सातत्यानं पहिल्या पन्नासांत असणारा खेळाडू नसणं, हेही एक कारण मानायला हवं. स्पर्धेला प्रायोजक मिळतो तो तिकीट काढून येणाऱ्यांमुळे आणि टीव्हीवर बघणाऱ्यांमुळे. आणि ते येतात ओळखीच्या चेहऱ्यासाठी. इथे कोंबडी आधी की अंडं, हा वाद सुरू होतो. खेळाडू नाही म्हणून स्पर्धा टिकत नाही, आणि स्पर्धा नाही म्हणून खेळाडू घडायला वेळ लागतो.

आता काय उरलंय?

चॅलेंजर. पुण्यात चॅलेंजर आधीही व्हायच्या. युकी भांब्रीनं २०१५ आणि २०१७ मध्ये पुण्याची चॅलेंजर जिंकली आहे. एटीपी २५० गेल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीतच 'महा ओपन' नावानं १०० गुणांची चॅलेंजर सुरू झाली. फेब्रुवारीत चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि पुणे अशा लागोपाठच्या आठवड्यांत देशातच चॅलेंजर होऊ लागल्या. व्यवहाराच्या दृष्टीनं पाहिलं तर उमेदीच्या खेळाडूला याचा फायदा मोठा आहे. एटीपी २५० वर्षातून एकच आठवडा होती आणि तिथे तीन वाइल्ड कार्ड. चॅलेंजरची ही साखळी महिनाभर चालते, प्रत्येक ठिकाणी भारतीयांना जागा असते, आणि समोरचा प्रतिस्पर्धीही आवाक्यातला असतो. झगमगाट मात्र नाही. चिलिच आणि अँडरसनसारखी नावं तिथे येत नाहीत, आणि रिकाम्या खुर्च्या खूप दिसतात.

त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे कोण खेळून गेलं ते मात्र बघण्यासारखं आहे. २०२४ ची महा ओपन मोनॅकोच्या वालेंतां वाशेरो नावाच्या खेळाडूनं जिंकली. सामना बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते नाव आधी माहीत असेल. दीड वर्षानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो जगात २०४ व्या क्रमांकावर होता आणि शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीतही थेट जागा नसल्यानं प्रतीक्षा यादीतून आत आला होता. तिथे त्यानं उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं आणि फायनलमध्ये स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंदरनेकला, ४-६, ६-३, ६-३ असं. मास्टर्स १००० जिंकणारा तो आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू. बालेवाडीत त्याचे सामने बघायला तिकीट मिळवण्यासाठी कुणाला धडपड करावी लागली नव्हती.